वाचकांचे प्रश्न : पतंग आणि त्याची भावंडं

गेल्या अंकात मी वाचकांना एक काम दिलं होतं. कागद मधोमध दुमडा, घडीच्या कडेवर एक बाजू येईल असा त्रिकोण कापा, उलगडा आणि काय हाती आलं ते कळवा. बहुतेकांच्या हाती पतंग आला. काहींना बाणाच्या टोकासारखा, आत दबलेला आकार मिळाला. दोघांना तर नुसता त्रिकोणच मिळाला आणि आपलं चुकलं असं त्यांना वाटलं. चुकलं नाही. घडीवरचे दोन्ही कोन काटकोनापेक्षा लहान असतील तर पतंग होतो. त्यातला एक मोठा झाला की बाण होतो आणि नेमका काटकोन असला की त्रिकोण. एका घडीतून तिन्ही निघतात. या महिन्याच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हीच घडी आहे.

चाचणीत 'चौरस हा पतंग असतो का?' असा प्रश्न होता. मी 'हो' लिहिलं आणि गुण गेला. 'पतंगाच्या दोन बाजू लहान आणि दोन मोठ्या असतात' असं बाईंनी सांगितलं. माझं खरंच चुकलं का?
*(इयत्ता आठवीतली विद्यार्थिनी, परभणी)*

बाळा, तुझं उत्तर बरोबर आहे. आधी तेवढं सांगते, मग कारण.

ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो तो पतंग, ही आपल्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या. व्याख्या वाचताना जे लिहिलं आहे तेवढंच घ्यायचं, जे नाही ते मनानं घालायचं नाही. 'दुसरा कर्ण पहिल्याला दुभागत नसावा' असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. चौरसाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. म्हणजे अट पूर्ण झाली आणि वर थोडं उरलं. दहावी पास लागते त्या जागेवर पदवीधर चालतो, तसंच हे. समभुज चौकोनही याच कारणानं पतंग आहे.

बाजूंवरून व्याख्या केली तरी हेच होतं. संलग्न बाजूंच्या दोन जोड्या एकरूप हव्यात, एवढंच. पहिली जोडी दुसरीपेक्षा वेगळी असायलाच हवी, ही अट काही पुस्तकं मुद्दाम घालतात. तिथं चौरस बाहेर राहतो. म्हणून उत्तर लिहिण्याआधी आपल्या पुस्तकातली व्याख्या काढून तिच्यावर बोट ठेवायचं. तुझ्या बाईंना ती दाखव, शांतपणे. बहुतेक शिक्षकांना असं दाखवणारं मूल आवडतं.

ही तक्रार फार जुनी आहे. युक्लिडनं आपल्या पहिल्या ग्रंथाच्या 22 व्या व्याख्येत चौकोनांची जी वाटणी केली, तिच्यात लांबट आयत वेगळा आणि चौरस वेगळा. समभुज म्हणजे काटकोन नसलेलाच. सगळे आपापल्या खोलीत. आज आपण तसं करत नाही, कारण मग प्रत्येक सिद्धता दोनदा करावी लागते. पतंगाबद्दल एकदा सिद्ध केलं की समभुज आणि चौरसाबद्दल ते फुकट मिळतं, ही सोय मला फार मोलाची वाटते. चौरस हा आयत असतो हे तुझ्या वर्गात सगळ्यांना मान्य असेल, मग पतंगाच्या बाबतीत वेगळा न्याय कशाला?

मात्र बाईंच्या डोळ्यासमोर कुठलं चित्र होतं तेही मला कळतं. मी स्वतः पहिली कितीतरी वर्षं फळ्यावर पतंग काढताना खालच्या बाजू लांब काढायची. मुलांच्या मनात तेच चित्र ठसायचं. पुढच्या पत्रातल्या मुलानं नेमकं त्याच चित्रावर बोट ठेवलं आहे.

आम्ही संक्रांतीला उडवतो तो पतंग पुस्तकातल्या पतंगासारखा दिसत नाही. पुस्तकातला उडेल का?
*(इयत्ता सातवी, नागपूर)*

तुझं निरीक्षण पक्कं आहे. आपला पतंग जवळजवळ चौरस असतो, कोपऱ्यावर उभा केलेला. मी येवल्याची आहे. आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं आणि मांजा गुंडाळायला फिरकीऐवजी आसारी असते. माझे वडील हातमागावर बसायचे, पण मार्गशीर्ष लागला की संध्याकाळी पतंग करायचे. त्यांच्याकडे मोजपट्टी नव्हती. ताव घ्यायचा, एक कोपरा समोरच्या कडेवर आणून तिरपी घडी घालायची, उरलेली पट्टी कापून टाकायची. झाला चौरस. मग तीच तिरपी घडी उघडून तिच्यावर सरळ कामटी खळीनं चिकटवायची. ती उभी कामटी म्हणजे पतंगाचा सममितीचा अक्ष. दुसरी कामटी तासून पातळ केलेली, ती वाकवून कमान करायची आणि तिची दोन टोकं दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांना डकवायची. त्या कोपऱ्यांना मी इथून पुढं कान म्हणेन.

नंतर वडील एक गोष्ट करायचे, ती मी कधी विसरले नाही. पतंगाच्या उभ्या कामटीची दोन टोकं दोन हातांच्या बोटांवर ठेवून पतंग आडवा धरायचे. एक कान खाली गेला तर त्या बाजूची कमान पातीनं थोडी तासायची. पुन्हा धरायचा, पुन्हा तासायची. दोन्ही कान समान उंचीवर थांबेपर्यंत. कण्णी त्यानंतरच बांधायची. घडीच्या डावीकडचं आणि उजवीकडचं एकरूप आहे की नाही, याची ती हवेत घेतलेली परीक्षा होती. भूमितीत 'बाबाबा' कसोटी शिकले तेव्हा मला त्यांची बोटं आठवली.

पुस्तकातला, खालून लांब असलेला आकार युरोपातल्या पतंगाचा. त्याला बहुधा शेपूट लावतात आणि तोही छान उडतो. इंग्रजीत पतंगाचा शब्द घारीच्या नावावरून आला आणि जर्मनीत पतंगालाही आणि या चौकोनालाही ड्रॅगनचं नाव आहे. तुझा नागपुरी पतंग चौरसाजवळचा असला तरी पतंग आहेच, वरच्या ताईचं उत्तर वाच.

गोधडीसाठी पतंगाच्या आकाराचे 48 तुकडे कापायचे आहेत. प्रत्येकाच्या दोन बाजू 15 सेंमी आणि दोन 20 सेंमी. कापड किती लागेल?
*(एक गृहिणी, सांगली)*

ताई, तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण जसा विचारला आहे तसा तो सुटत नाही. का सुटत नाही, यातच पतंगाचं मर्म आहे.

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या, दोन 15 च्या आणि दोन 20 च्या. टोकं टाचणीनं जोडा, सारख्या बाजू शेजारी येतील अशा. आता कान धरून आत दाबा किंवा बाहेर ओढा. बाजू त्याच राहतात, आकार मात्र बदलत जातो. दोन कानांमधलं अंतर 18 सेंमी ठेवलं तर क्षेत्रफळ सुमारे 269 चौ. सेंमी येतं. 24 ठेवलं तर 300 येतं. आणि अंतर 24 च ठेवून वरचा शेंडा बोटानं आत ढकलला तर बाण तयार होतो आणि त्याचं क्षेत्रफळ फक्त 84. पट्ट्या त्याच, कानांमधलं अंतर तेच, तरी 300 चे 84 झाले.

हिशोब सोपा आहे. कान जोडणारा 24 चा कर्ण घडीवर बरोबर दुभागतो, 12 आणि 12. वरच्या त्रिकोणात 15 चा कर्ण आणि 12 ची बाजू, म्हणून उरलेली 9. खालच्यात 20 आणि 12, म्हणून 16. शेंडा बाहेर असेल तर उभा कर्ण 16 + 9 = 25, आत असेल तर 16 – 9 = 7. क्षेत्रफळ म्हणजे दोन कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं: 25 × 24 चं निम्मं 300 आणि 7 × 24 चं निम्मं 84. निम्मं का, ते पाहायला पतंगाभोवती 25 आणि 24 चा आयत काढा. कर्णांमुळे आयताचे चार तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा बरोबर अर्धा भाग पतंगात येतो.

नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ सांगता येत नाही, यावर भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत कडक शब्दांत लिहून ठेवलं आहे. चार बाजू ठरल्या तरी कर्ण ठरत नाहीत, मग क्षेत्रफळ कसं ठरेल? हे न जाणता प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलंय आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. तिथं उभं राहिलं की हे सगळं आपल्या घरातलं वाटतं.

त्याआधी 628 मध्ये ब्रह्मगुप्तानं चार बाजूंवरून क्षेत्रफळाचं सूत्र दिलं होतं. ते खरं आहे, पण चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील तरच. तुमच्या मापांवर चालवून पाहू. परिमितीचं निम्मं 35. त्यातून चारही बाजू वजा केल्या की 20, 20, 15, 15. गुणाकाराचं वर्गमूळ 300. आपलं 24 अंतराचं उत्तर! योगायोग नाही हा. पतंग म्हणजे 15 आणि 20 बाजूंचे दोन त्रिकोण. त्या दोन बाजूंमधला कोन, म्हणजे कानाचा कोन, काटकोन असला की त्रिकोण सगळ्यात मोठा होतो, 150 चा. दोन्ही कान काटकोनी झाले की उभा कर्ण वर्तुळाचा व्यास होतो, 12.5 त्रिज्येचा, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. म्हणून तोच पतंग वर्तुळात बसतो आणि तोच सगळ्यात मोठा.

तेव्हा माझा सल्ला: कानाचे कोन काटकोनी ठेवा. गुण्यानं तपासता येतात आणि चुकायची भीती नाही. 48 तुकड्यांचं तयार क्षेत्रफळ 48 × 300 = 14,400 चौ. सेंमी, म्हणजे 1.44 चौ. मीटर.

पण शिवणीची माया? इथं पतंग फार सुंदर वागतो. कोणत्याही पतंगाच्या आत चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ बसतं. (बाण सोडून बोलतेय.) एका कानाचा कोन दुभागा. ती रेषा उभ्या कर्णाला जिथं भेटते तो बिंदू त्या कानाच्या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर असतो आणि घडीमुळे पलीकडच्या दोन बाजूंपासूनही. तिथं कंपासचं टोक ठेवा. तुमच्या पतंगात हा बिंदू 25 चे 15 : 20 असे भाग करतो, म्हणजे शेंड्यापासून सुमारे 10.7 सेंमीवर आणि वर्तुळाची त्रिज्या 300 भागिले 35, सुमारे 8.57 सेंमी.

आता चारही बाजूंना 1 सेंमी माया सोडायची म्हणजे ही त्रिज्या 8.57 ची 9.57 करायची. आकार तोच, फक्त त्याच प्रमाणात मोठा. म्हणून कापायच्या पुठ्ठ्याची मापं 16.75 आणि सुमारे 22.3 सेंमी. बाजूला 1 किंवा 2 सेंमी मिळवून पुठ्ठा कापलात तर माया सगळीकडे सारखी येणार नाही आणि टोकं जुळणार नाहीत. एका तुकड्याला सुमारे 374 चौ. सेंमी, 48 ला साधारण 1.8 चौ. मीटर. तुकडे एकमेकांना उलटसुलट लावून आखलेत तर मधलं कापड वाया जात नाही, फक्त कडेचं जातं. त्याची सोय धरून थोडं जास्त घ्या. गोधडीचा फोटो पाठवलात तर मला मनापासून आनंद होईल.

कर्ण एकमेकांना लंब असले की तो चौकोन पतंगच असतो ना?
*(डी.एड.चा विद्यार्थी, धुळे)*

नाही आणि ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. उभा कर्ण 25 घ्या, 9 आणि 16 असा छेदलेला. आडवा 24, पण 12–12 ऐवजी 10–14 असा. काटकोन कायम आहे, क्षेत्रफळही 300 च राहतं, कारण निम्म्या गुणाकाराच्या सूत्राला फक्त लंब कर्ण लागतात. पण चारही बाजू वेगवेगळ्या झाल्या. त्यांचे वर्ग क्रमानं 181, 356, 452 आणि 277. पतंग मोडला.

हे आकडे तसेच फळ्यावर ठेवून मुलांना समोरासमोरच्या बेरजा करायला सांगा. 181 + 452 = 633, 356 + 277 = 633. कर्ण लंब असतील तर संमुख बाजूंच्या वर्गांच्या बेरजा नेहमी सारख्या येतात आणि उलटही खरं. मधून न चालता, नुसत्या चार कडा मोजून शेताचे कर्ण काटकोनात आहेत की नाहीत ते सांगता येतं. वर्गात हे करून दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढं वाकतात.

समांतरभुज चौकोनातही समान बाजूंच्या दोन जोड्या आणि पतंगातही. मुलगा गोंधळतो. काय सांगू?
*(पालक, रत्नागिरी)*

चार काड्या द्या, दोन लहान आणि दोन मोठ्या. सारख्या शेजारी ठेवल्या तर पतंग, समोरासमोर ठेवल्या तर समांतरभुज. मग दोन्ही कागदावर गिरवून कापायला लावा आणि कर्णावर दुमडायला सांगा. पतंग जुळेल. समांतरभुज दुमडून जुळणार नाही, पण मध्याभोवती अर्धा फिरवला की आपल्याच जागी बसेल. एक घडीचा, दुसरा फिरकीचा. दोन्ही गोष्टी करणारा तो समभुज चौकोन.

2023 मध्ये 'टोपी' नावाच्या फरशीची बातमी वाचली होती. तिचा पतंगाशी संबंध आहे असं ऐकलं. काय संबंध?
*(फरशीचा व्यवसाय, कोल्हापूर)*

संबंध अगदी जवळचा आहे आणि तुमच्यासारख्या फरशीवाल्यांनी तो समजून घ्यावा असा आहे.

आधी साधी गोष्ट. कुठलाही चौकोन, वेडावाकडाही, बाणसुद्धा, एकाच मापाचा भरपूर कापला तर फट न ठेवता जमिनीवर बसतो. चार कोनांची बेरीज 360 अंश असते, म्हणून एका बिंदूभोवती चारही वेगळे कोन आणता येतात. पण असं बसवलं की नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते. सगळी फरशी उचलून सरकवली तरी आपल्याच खुणांवर बसते.

कसाही बसवला तरी नक्षी कधीच अशी सरकणार नाही असा एकच आकार मिळेल का, हा प्रश्न कित्येक वर्षं सुटत नव्हता. 1970 च्या दशकात रॉजर पेनरोज यांनी दोन आकारांत ते जमवलं आणि त्यांच्या एका जोडीची नावंच पतंग आणि बाण आहेत. पतंगाचे कोन 72, 72, 72 आणि 144. बाणाचे 72, 36, 216 आणि 36. एकच समभुज चौकोन नीट जागी कापला की ही जोडी निघते. मात्र बाजू कशा जुळवायच्या याचे नियम पाळावे लागतात. ते सोडले तर नक्षी पुन्हा सरकती होऊ शकते.

एकच आकार सापडला तो 2022 च्या अखेरीस, इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ यांना. ते विद्यापीठातले गणितज्ञ नव्हेत. छपाईच्या कामातून निवृत्त झालेले, आकारांचे नादी गृहस्थ. कागद कापून, एकमेकांना लावून पाहता पाहता त्यांना हा तेरा बाजूंचा आकार मिळाला. मग तीन जाणकारांबरोबर मिळून सिद्धता झाली आणि 2023 च्या मार्चमध्ये ती जगासमोर आली. हा माणूस मला आमच्या वडिलांच्या जातकुळीतला वाटतो: हातानं करून बघणारा.

तर ती टोपी आठ पतंगांची बनलेली आहे. पतंग कुठला? समषट्कोन काढा आणि मध्यापासून प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत रेघ मारा. सहा पतंग होतात. षट्कोनाची बाजू 6 सेंमी असेल तर पतंगाच्या बाजू 3 आणि सुमारे 5.2, उभा कर्ण 6. कोन मध्याशी 60, षट्कोनाच्या कोपऱ्याशी 120 आणि दोन्ही कानांशी 90. सांगलीच्या ताईंना सुचवला तोच काटकोनी कानांचा प्रकार. षट्कोनांची फरशी पसरली की सहा 60, चार 90 आणि तीन 120 असे कोन आपापल्या बिंदूंभोवती बरोबर 360 भरतात. या जाळ्यातले आठ पतंग विशिष्ट रीतीनं जोडून धरले की टोपी.

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. साच्यासाठी एक टोपी पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तीच गिरवत चला, तिचं क्षेत्रफळ आठ पतंगांचं, सुमारे 125 चौ. सेंमी. काही टोप्या पालथ्या ठेवाव्या लागतील, म्हणून त्यांना वेगळा रंग द्या. पालथ्या न कराव्या लागणारा एक भाऊबंद आकार त्याच मंडळींनी त्याच वर्षी काढला आहे, पण तुम्ही सुरुवात टोपीनं करा. वीसेक टोप्या जमिनीवर जमल्या की फोटो पाठवा, पालथ्या किती निघाल्या तेही लिहा.